खाऱ्या पाण्याच्या माशांच्या टँकची सायकल अडकली? बाटली मागवायच्या आधी पाणी, लाइन अन् ऊन तपासा

सायकल म्हणजे टँकमधल्या बॅक्टेरियानं अमोनियाचं नायट्राइट अन् त्याचं नायट्रेट करायचं चक्र, अन् ते मधेच का अडकलं हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतेच येते, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवतो. टँक लावला, मरीन मीठ टाकलं, बॅक्टेरियाची बाटली ओतली, महिना होऊन गेला अन् अमोनिया नाहीतर नायट्राइट तिथंच अडकून बसलं आहे, खाली यायचं नाव घेत नाही. मंग माणूस काय करते, अजून एक बाटली मागवते, नाहीतर वैतागून सगळं पाणी फेकून नव्यानं सुरू करते, नाहीतर "पाहू तर खरं" म्हणून दोन मासे सोडून देते. यातलं काहीच करू नका. मासे सोडणं तर बिलकुलच नाही, अमोनियानं त्यांचे कल्ले भाजतात, मासा वर येऊन धापा टाकत मरते, अन् त्या जिवाचा त्यात काही कसूर नसते.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच की आपल्या इकडं सायकल अडकते तेव्हा बहुतेक वेळा बॅक्टेरियाचा दोष नसते. इंटरनेटवरची माहिती ज्या घरांसाठी लिहिली आहे तिथं नळाला एकसारखं पाणी राहते, लाइन म्हणजे वीज चोवीस तास राहते अन् खोलीत २५ डिग्री राहते. आपल्याकडं या तिन्हीतलं एकही धड नाही. म्हणून तपासणीचा क्रमही आपला वेगळा पाहिजे.

थोडक्यात काय चालते ते पहिले. कुजणाऱ्या खाण्यातून, माशाच्या विष्ठेतून अन् कल्ल्यांतून अमोनिया येते. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. हे दोघंही मोकळ्या पाण्यात कमी अन् दगडावर, वाळूवर, स्पंजवर चिकटून जास्त राहतात. त्यांना ऑक्सिजन भरपूर लागते, १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पचवायला साडेचार मिलिग्रॅमच्या वर ऑक्सिजन जाते. सोबत पाण्यातली अल्कलिनिटी, म्हणजे पीएच सांभाळायची ताकद, खर्च होते, फॉस्फेटचा थोडा अंश लागते, अन् तापमान झेपेल असं लागते. यातलं एक जरी तुटलं तरी काम थांबते. दुसऱ्या जातीचे मुळातच हळू वाढतात अन् नाजूकही जास्त, म्हणून गाडी जास्त करून नायट्राइटवर अडकते. कोरडा दगड अन् बाटली नाही अशा टँकला चार ते सहा आठवडे लागणं एकदम नॉर्मल आहे, तेवढा वेळ झाला नसेल तर तुमचं काहीच अडकलेलं नाही.

आता पाणी. अर्धे प्रश्न इथंच सुटतात.

बोअरचं किंवा विहिरीचं पाणी थेट वापरलं असेल तर पहिले त्या पाण्याचं नायट्रेट तपासा, मीठ न टाकता, नुसतं. आपल्याकडं कपाशी, संत्रा, गहू यांना वर्षानुवर्षं खत पडून राहिलं आहे, गोठे विहिरीला लागून आहेत, त्यामुळं कितीतरी गावांत पाण्यातच नायट्रेट उतरलं आहे. पिण्याच्या पाण्याला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रति लिटर आहे. आता असं पाणी टँकमध्ये गेलं की पहिल्याच दिवशी टेस्ट किटमध्ये नायट्रेटचा रंग लाल येते अन् माणसाला वाटते सायकल झाली. परतवाड्याकडच्या एका पोरानं अशाच पाण्यावर टँक भरला होता, दुकानदारानं नायट्रेटचा रंग पाहून "झालं भाऊ, टाका मासे" सांगितलं, अमोनिया कोणीच तपासला नाही. दगडावर एक बॅक्टेरिया नव्हता. ते सगळं नायट्रेट शेतातलं होतं. दोन्ही क्लाउन मासे आठवडाही टिकले नाहीत.

खारपाणपट्ट्यातले लोक, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यातले अकोला, अमरावती, बुलढाण्याकडचे, हमखास विचारतात की आमचं पाणी तर आधीच खारं आहे, मीठ कमी लागेल का. नाही लागणार, अन् ते पाणी वापरूही नका. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅमच्या आसपास क्षार राहतात अन् त्यांचं आपसातलं प्रमाण ठरलेलं राहते, कॅल्शियम ४०० च्या वर, मॅग्नेशियम १३०० च्या जवळ. आपल्या विहिरीचा खारटपणा वेगळ्याच क्षारांचा अन् वेगळ्याच प्रमाणाचा, त्याच्यावर मरीन मीठ टाकलं तर हिशोब सगळा बिघडते. त्याच कारणानं घरचं आयोडीनचं मीठ किंवा बाजारातलं खडे मीठही चालत नाही, त्यात अल्कलिनिटी जवळपास नसतेच, मंग पीएच घसरते अन् बॅक्टेरिया बसून जातात.

नळयोजनेचं पाणी असेल तर ग्रामपंचायतीच्या टाकीत टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर पडते, ती पडायलाच पाहिजे, पण ज्या दिवशी हात सढळ पडते त्या दिवशी ते क्लोरीन तुमच्या बॅक्टेरियालाही मारते. वास येत नाही म्हणून क्लोरीन नाही असं समजू नका. हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट टाका, नाहीतर एअरस्टोन लावून एक पूर्ण दिवस पाणी उघडं ठेवा. पण खरं विचाराल तर आरओच पाणी घ्या. गावोगावी आता वॉटर एटीएम आहे, २० लिटरची कॅन भरून आणता येते. फक्त सोबत टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) ठेवा, दोन-तीनशे रुपयात येते. चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळलेलं राहते, नाहीतर मेम्ब्रेन जुनी झालेली राहते, मंग कॅनमधलं पाणी १५० दाखवते. ३०-४० च्या खाली मिळालं तर नुसत्या माशांच्या टँकला चांगलं काम चालते, १०० च्या वर असेल तर दुसरा प्लांट पाहा. कोरल ठेवायचं मनात असेल तर शून्याजवळचंच लागेल.

अन् बकेट. हे मी जोर देऊन सांगून राहिलो कारण बाहेरच्या कोणत्याच माहितीत हे लिहिलेलं राहत नाही. ज्या घरात फवारणी होते त्या घरातली कोणतीही जुनी बकेट, मग, ड्रम, पाइप टँकसाठी वापरू नका, कितीही धुतली तरी. मोर्शी-वरुडकडं संत्र्याच्या खोडाला बोर्डो पेस्ट लावतात, त्यात मोरचूद राहते, मोरचूद म्हणजे तांबं. कपाशीवर करप्यासाठी कॉपर ऑक्सिक्लोराइड अन् स्ट्रेप्टोसायक्लिन मारत आले आहेत, एक तांबं अन् दुसरं सरळ बॅक्टेरिया मारायचंच औषध. कीटकनाशकाचा अंश राहिला तर झिंगा, खेकडा, गोगलगाय यातलं काहीच जगणार नाही. नवीन बकेट घ्या, तिच्यावर मार्करनं "टँक" लिहा, वेगळी ठेवा. फवारून आले त्या दिवशी टँकमध्ये हात घालू नका, दुसऱ्या कोणाला सांगा.

मीठ बकेटीत वेगळं विरघळवायचं, टँकमध्ये पोतं उपडं करायचं नाही. खारटपणा ३५ पीपीटी (लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार), म्हणजे स्पेसिफिक ग्रॅव्हिटी १.०२५ ते १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारटपणा मोजायचं यंत्र, ३५ च्या कॅलिब्रेशन पाण्यानं सेट करा, साध्या पाण्यावर शून्य आलं म्हणजे वरपर्यंत बरोबरच असेल असं होत नाही.

पाणी ठीक निघालं तर मंग विचारा की तुम्ही अमोनिया कशातून देऊन राहिले.

युरिया. शेतकऱ्याच्या घरी पोतं पडलंच राहते अन् युरियापासून अमोनिया होते हे सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळं चिमूटभर युरिया टाकायचा मोह होते. दोन कारणांनी टाकू नका. एक, युरिया हा स्वतः अमोनिया नाही, तो तुटायला वेळ लागते, तोपर्यंत टेस्ट किटवर काहीच दिसत नाही, माणूस अजून टाकते, अन् मंग एकदम ८ पीपीएम (लिटरला ८ मिलिग्रॅम) होऊन जाते. दुसरं कारण जास्त मोठं आहे. २०१५ पासून आपल्याकडं युरिया नीमकोटेड येते. कडुनिंबाचा तो लेप लावतातच कशासाठी, तर मातीतल्या बॅक्टेरियानं अमोनियाचं नायट्रेट करायचं काम हळू करावं म्हणून. म्हणजे जे काम आपल्याला टँकमध्ये लवकर व्हायला पाहिजे तेच थांबवणारी वस्तू आपण स्वतःच्या हातानं टाकून राहिलो. डीएपी अन् मिश्र खतं तर अजून वाईट, त्यात फॉस्फेट इतकं राहते की शेवाळ वर्षभर पिच्छा सोडत नाही.

आठवडी बाजारातली सुकट टाकणारेही आहेत. होते त्यानंही, पण किती अमोनिया निघाला याचा काही हिशोब लागत नाही अन् घरात वास सुटते ते वेगळं.

सगळ्यात साफ उपाय अमोनियम क्लोराइड, म्हणजे नवसागर. पण कल्हईवाल्याकडचा नवसागर नको, त्यात काय काय मिसळलेलं राहते सांगता येत नाही. नागपूर, अमरावती, अकोल्याला लॅबचं केमिकल विकणाऱ्या दुकानात शुद्ध मिळते. हिशोब असा: ६.३ ग्रॅम नवसागर १ लिटर आरओ पाण्यात विरघळवून बाटलीत ठेवा. त्यातलं १०० मिली १०० लिटर पाण्याला दिलं की अमोनिया २ पीपीएम होते. पाणी मोजताना दगड-वाळूची जागा वजा करा, १०० लिटरच्या टँकमध्ये ८०-८५ लिटरच पाणी मावते. २ पीपीएमच्या वर जायची गरज नाही. ४-५ च्या वर गेलं असेल तर तेच तुमचं दुखणं आहे, जास्त अमोनियानं नायट्राइट खाणारे बॅक्टेरिया दबून जातात. अर्धं पाणी बदला, दगड-वाळूला हात लावू नका, बॅक्टेरिया तिथंच आहेत, ते पाण्यासोबत जात नाहीत.

बाटलीबद्दलही बोलून टाकतो. बाटलीतले बॅक्टेरिया जिवंत असतील तर खरंच फायदा होते, पण मे महिन्यात कुरिअरच्या टेम्पोत पाच दिवस तापलेली बाटली तुमच्या गावापर्यंत येते तेव्हा आत जिवंत काय राहिलं असेल याचा विचार करा. शहरातल्या दुकानात फ्रिजमध्ये ठेवलेली मिळत असेल तर थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या बाजूला ठेवून एसटीनं आणा. अन् लेबल वाचा, गोड्या पाण्याचे बॅक्टेरिया खाऱ्यात काम करत नाहीत. टाकल्यावर थोडे दिवस यूव्ही दिवा अन् स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद ठेवजा.

लाइन. गावठाण फिडरवर घर असेल तर काही तासांचा प्रश्न राहते, पण शेतातल्या घरात टँक असेल अन् लाइन शेतीच्या फिडरवरून असेल तर आठवड्यातून काही दिवस रात्री अन् काही दिवस दिवसा, बाकी वेळ अंधार. वादळात डीपी जळाली तर मंग दोन-चार दिवस विचारायचंच नाही. फिल्टर बंद पडला की पाणी हलत नाही, पाणी हललं नाही की ऑक्सिजन आत जात नाही. त्यात सगळ्यात धोक्याचा कॅनिस्टर फिल्टर, कारण तो बंद डबा आहे. आतले बॅक्टेरिया तासा-दोन तासात तिथला ऑक्सिजन संपवून टाकतात, मंग मरायला लागतात, अन् लाइन आली की तो सडका माल सरळ टँकमध्ये येते. कॅनिस्टर चार-पाच तास बंद राहिला असेल तर आपोआप सुरू होऊ देऊ नका. उघडा, नाकाजवळ न्या. सडक्या अंड्याचा वास आला तर आतलं सगळं पाणी फेका, स्पंज टँकच्याच खाऱ्या पाण्यात दोनदा पिळा, अन् मंगच लावा. ज्यांची सायकल "झाली होती अन् पुन्हा अमोनिया वर आला" अशी तक्रार आहे त्यांनी पहिले हेच आठवून पाहा, त्या आठवड्यात लाइन किती वेळ गेली होती.

माझं स्पष्ट मत आहे की आपल्या गावात पहिला टँक कॅनिस्टरवर लावूच नये. दगड भरपूर ठेवा, एक पॉवरहेड (टँकमधलं पाणी फिरवणारा पंप), अन् एक मोठा स्पंज फिल्टर एअर पंपावर. लाइन गेली तर इन्व्हर्टरवर फक्त एअर पंप चालू राहिला तरी बस, लाइट अन् हीटर बंद राहिले तर काही मरत नाही. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा यूएसबी पंप मिळते, दोन घेऊन ठेवा. मोठ्या टँकला ट्रॅक्टरच्या १२ व्होल्ट बॅटरीवर डीसी पंप लावणारेही आहेत, चांगलं चालते.

दगडावरून आठवलं, "समुद्राचा खरा जिवंत दगड" म्हणून कोणी प्रवाळाचे तुकडे विकत असेल तर घेऊ नका. आपल्या देशात प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, अन् कायदा सोडला तरी ते समुद्रातून उपटून आणलेलं राहते. कोरडा सच्छिद्र दगड किंवा सिरॅमिक मीडिया घ्या. कोरपना-वणीकडचा चुनखडीचा दगड फुकट मिळते म्हणून भरतात, पण तो ठोस राहते, आत बॅक्टेरियाला जागा कमी, अन् ८ च्या वरच्या पीएचला तो विरघळतही नाही, त्यामुळं पीएच सांभाळेल ही आशाही खोटी.

ऊन. पारा ४५ च्या वर जाते तेव्हा टिनाच्या छताखालच्या खोलीत टँकचं पाणी ३५-३६ ला सहज पोचते. खाऱ्या पाण्यात २५ डिग्रीला लिटरमागे सुमारे पावणेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन मावते, ३५ ला सुमारे पावणेसहा. तिकडं ऑक्सिजन कमी अन् इकडं त्या गरमीत नायट्राइट खाणारे पहिले मागं पडतात, अमोनिया खाणारे चालू राहतात, म्हणून मे महिन्यात नायट्राइट हमखास चढून बसते. टँक २८ च्या खाली ठेवायचा प्रयत्न करा. चिलरला पैसे घालायच्या आधी झाकण काढा अन् पाण्यावर तिरपा टेबल फॅन लावा. आपल्या इकडची हवा उन्हाळ्यात कोरडी खट्ट राहते, बाष्पीभवन जोरात होते, त्यामुळं हा उपाय मुंबईपेक्षा विदर्भात जास्त चांगला चालते, तीन-चार डिग्री सहज उतरतात. पण त्याच बंद खोलीत कूलर चालवला तर हवा दमट होते अन् फॅनचा असर कमी होते, खिडकी उघडी ठेवा. पाणी रोज उडेल, काचेवर पट्टी लावून लेव्हल पाहा अन् जेवढं उडालं तेवढं साधं आरओ पाणी भरा. इथं खारं पाणी भरायचं नाही, मीठ उडून जात नाही, नुसतं पाणी उडते. रोज खारं भरणाऱ्यांचे टँक महिन्यात ४० पीपीटीच्या वर गेलेले राहतात अन् तेही सायकल थांबायचं एक कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत उलटं, रात्री पाणी १८-१९ ला येते अन् बॅक्टेरिया थंडावतात, तेव्हा हीटर पाहिजे.

टेस्ट किट वाचायची पद्धत. नळी पांढऱ्या कागदासमोर धरा, दिवसाच्या उजेडात, सीएफएल-एलईडीच्या पिवळ्या उजेडात नाही. अमोनियाचा पिवळा अन् हलका हिरवा यातला फरक रात्री कळतच नाही, शून्याचं ०.२५ दिसते अन् लोक उगाच घाबरतात. नायट्रेटची दुसरी बाटली टेबलावर आपटून ३० सेकंद जोरात हलवा, त्यातला माल तळाशी बसलेला राहते, न हलवता थेंब टाकले तर नायट्रेट खऱ्यापेक्षा कमी, नाहीतर शून्यच दाखवते. थेंब टाकल्यावर नळी एक मिनिट हलवा, पाच मिनिटं थांबा. अन् नायट्राइट जास्त असताना नायट्रेटचा आकडा धरूच नका, ती टेस्ट नायट्रेटचं नायट्राइट करूनच रंग दाखवते, त्यामुळं आधीचं नायट्राइटही त्यात मोजल्या जाते.

हे सगळं पाहून झालं, पाणी बरोबर, लाइन बरोबर, २७ डिग्री आहे, अमोनिया एका दिवसात शून्य होते पण नायट्राइट तीन आठवड्यांपासून गडद जांभळं, अशा वेळी दोन गोष्टी राहतात. पहिली अल्कलिनिटी. २ पीपीएम अमोनिया पचला की सुमारे ०.७ डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक) खर्च होते, चार-पाच डोस दिले असतील तर ८ वरून ५ च्या आसपास येते. खायचा सोडा टाका, बेकिंग पावडर नाही, खायचा सोडाच, १०० लिटरला ३ ग्रॅमनं १ डीकेएच वाढते, पाण्यात विरघळवून हळूहळू. दुसरी गोष्ट फॉस्फेट. शुद्ध आरओ पाणी, कोरडा दगड अन् शुद्ध नवसागर असं सगळंच साफ असलं तर फॉस्फेट शून्य होऊन जाते अन् नायट्राइट खाणारे त्याच्याशिवाय वाढतच नाहीत. माशाचं खाणं, फ्लेक, चिमूटभर टाका अन् आठवडाभर पाहा. बऱ्याच जणांचं एवढ्यानंच सुटलं आहे. तोपर्यंत नवसागर बंद ठेवा, आधीचं नायट्राइट संपू द्या. नळी सगळ्यात वरचा रंग दाखवत असेल तर अर्धं पाणी बदलून ते मोजता येईल एवढ्यावर आणा.

पाणी दुधासारखं गढूळ होणं, दगडावर तपकिरी थर येणं, हे दोन्ही चालते, त्याच्या मागं लागू नका. लाइट बंद ठेवा, शेवाळ कमी येईल.

सायकल झाली कधी म्हणायची? २ पीपीएम अमोनिया दिला अन् २४ तासांनी अमोनियाही शून्य, नायट्राइटही शून्य, असं लागोपाठ दोनदा झालं की. खाऱ्या पाण्यात क्लोराइड भरपूर असल्यानं नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं लागत नाही हे खरं, पण नवीन माणसानं त्या भरवशावर घाई करू नये. मंग अर्ध्याच्या आसपास पाणी बदलून नायट्रेट खाली आणा. सोयाबीन काढणीत किंवा कापूस वेचणीत मासे आणायला जाणं झालं नाही तर टँक उपाशी ठेवू नका, दोन-तीन दिवसांनी ०.५ पीपीएमएवढा नवसागर देत राहा.

मासे घेताना हॅचरीतले क्लाउन मागा. आपल्या देशात क्लाउनची पैदास जमलेली आहे, सीएमएफआरआय म्हणजे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं त्याचं तंत्र बसवलं आहे, समुद्रातून पकडलेल्यापेक्षा ते टँकमध्ये लवकर रुळतात. उन्हाळ्यात पिशवी रात्रीच्या गाडीनं आणा, थर्माकोलच्या डब्यात. पहिले फक्त दोन लहान मासे, खाणं थोडं, अन् पहिले दहा दिवस रोज अमोनिया तपासा. घरी झाकलेल्या ड्रममध्ये टँकच्या पाव हिश्श्याएवढं मीठ मिसळलेलं पाणी कायम तयार ठेवजा, अमोनिया ०.२५ च्या वर दिसला की त्याच दिवशी तेवढं पाणी बदला, खाणं एक दिवस बंद करा अन् दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात पुन्हा तपासा.